घोडेस्वारी शिकायला मुली अधिक, मग घोड्याच्या व्यवसायात पुरुषच का?

कृष्णाकाठ :
माझी मुलगी पुण्याजवळच्या एका क्लबमध्ये रपेट शिकते. तिला सोडायला जाताना बऱ्याच दिवसांपासून एक गोष्ट नजरेत भरते आहे. आठ ते चौदा या वयोगटाच्या बॅचमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक असते. मात्र त्याच आवारात घोडे आणणारे, खरारा करणारे, नाल ठोकणारे आणि शिकवणारे सर्वच्या सर्व पुरुष आहेत. माथेरान किंवा महाबळेश्वरला गेले तरी घोडेवाल्या म्हणून बाई दिसत नाही, आणि महालक्ष्मीच्या शर्यतींतही जॉकी म्हणून पुरुषच दिसतात. युरोपात तर घोडेस्वारी हा मुलींचाच छंद मानला जातो, असे परदेशी राहणारे नातेवाईक सांगतात. एकाच प्राण्याभोवती असे दोन उलटे चित्र कसे तयार झाले असावे? मुलींना घोड्यांची ओढ उपजतच अधिक असते, हे उत्तर मला पटत नाही. ज्यांचा या क्षेत्राशी प्रत्यक्ष संबंध आहे, त्यांनी आपले निरीक्षण सविस्तर लिहावे, ही विनंती.

रिकीब :
मी सैन्यातून निवृत्त झाल्यापासून मुलांना घोडेस्वारी शिकवतो. आपले निरीक्षण बरोबर आहे. कारणांबद्दल मात्र मला जे दिसते ते सांगतो.

पहिले काही आठवडे आम्ही विद्यार्थ्याच्या हाती लगाम देतच नाही. घोडा लांब दोरावर गोल फिरत राहतो, दोराचे टोक आमच्या हातात असते आणि विद्यार्थी रिकिबीतून पाय काढून, हात कमरेवर ठेवून केवळ मांड पक्की करत बसतो. घोडा दुडकीला लागला की नवशिक्याचे बूड जिनावर आपटते, गुडघे आवळले जातात आणि खांदे कानांपर्यंत चढतात. शरीर सैल सोडून घोड्याच्या पाठीची लय कमरेत घेता आली, की मगच पुढचा धडा. हे काम कंटाळवाणे आहे. बरेचसे मुलगे पहिल्याच दिवशी ‘सर, पळवायचा कधी?’ असे विचारतात आणि महिनाभरात यायचे थांबतात. मुली टिकतात. शिवाय लगाम हाती आल्यावर मुलगे जोर लावतात. पाचशे किलोच्या जनावराशी जोराने कोणीच जिंकत नाही. तोंडात लोखंडी कडी टोचली की घोडा मान वर फेकतो आणि अधिकच अडतो. पोटरीचा हलका दाब आणि बसण्यातला किंचित बदल पुरतो, हे मुलींना लवकर उमगते.

अबोली :
रिकीब, आपला अनुभव मोलाचा आहे, पण त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मुली अधिक संयमी असतात असे आपण म्हणता, तेव्हा तो संयम त्यांच्यात आला कुठून, हा प्रश्न राहतोच. मुलगा हट्टाने एखादी गोष्ट सोडतो तेव्हा त्याला क्रिकेट, फुटबॉल, पोहणे असे चार पर्याय लगेच मिळतात. मुलीला मोकळ्या मैदानावर जाण्याची जी एक संधी मिळाली आहे, ती ती सहजासहजी सोडणार नाही. मी लहानपणी रपेट शिकले, ती टिकवण्यासाठी गृहपाठ पहाटे उठून करत असे, कारण गुण कमी झाले तर सर्वांत आधी घोडाच बंद होणार, हे मला ठाऊक होते. आणि दहावीचे वर्ष आले तसा तो बंद झालाच. उन्हाने रंग काळवंडतो, पडून चेहऱ्याला लागले तर पुढे कसे होणार, अंधारात एकटी कशी जाणार, असे प्रश्न भावाच्या बाबतीत घरात कोणीच विचारले नव्हते.

म्हणून आठ ते चौदा या वयातल्या बॅचकडे पाहून मुली अधिक आहेत असे म्हणणे अपुरे आहे. त्याच मुली विसाव्या वर्षी कुठे असतात, ते पाहिले पाहिजे.

पारिजात :
अबोली यांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

स्टॉकहोमकर :
मी अनेक वर्षे स्वीडनमध्ये आहे आणि माझ्या दोन्ही मुली येथील घोडेस्वारी शाळेत वाढल्या, म्हणून मूळ प्रश्नातील युरोपच्या उल्लेखाबद्दल लिहिते. येथे या शाळांतील विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण इतके मोठे आहे की एखादा मुलगा दाखल झाला तर त्याचे विशेष स्वागत होते. पण शंभर वर्षांपूर्वी हाच खेळ जवळजवळ पूर्णपणे लष्करी अधिकाऱ्यांचा होता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे आहे. ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घेणे, या प्रकारात स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले आणि नंतर ते काढून घेण्यात आले, कारण संघातील गेनाल पेर्शोन हा स्वार पूर्ण दर्जाचा अधिकारी नव्हता. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती आणि स्पर्धा संपताच तो पुन्हा आपल्या मूळ हुद्द्यावर गेला होता. म्हणजे तेव्हा बंदी केवळ स्त्रियांवर नव्हती. सामान्य शिपायालाही ऑलिंपिकमध्ये जागा नव्हती. १९५२ मध्ये हेलसिंकीला नियम बदलला आणि एकाच वेळी शिपायांना व स्त्रियांना ड्रेसाजचे दार उघडले. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी त्याच वर्षी रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्यांखाली लुळे होते, घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना मदत लागत असे, तरी त्यांनी पुरुष अधिकाऱ्यांच्या बरोबरीने स्पर्धा केली. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा रौप्य जिंकले.

महायुद्धानंतर सैन्याला घोड्यांची गरज उरली नाही. शाळा नागरी संस्थांच्या हाती आल्या, नगरपालिकांनी त्यांना पैसा दिला आणि शुल्क मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. घोडा युद्धाचे साधन राहिला नाही, तसा मुलग्यांचा त्यातला रस ओसरला आणि मुलींना जागा मिळाली. माझ्या मुलींना तबेल्यात शेण उचलणे, खूर कोरणे, चंदी मोजून घालणे हे सर्व करावे लागे. स्वारी त्यानंतर, तीही आठवड्यातून एक तास. तबेला हा त्यांच्यासाठी अशा मोजक्या जागांपैकी एक होता, जेथे अंगाला घाण लागली म्हणून कोणी नाक मुरडत नसे आणि जड घमेले उचलताना ‘तू राहू दे’ असे कोणी म्हणत नसे.

दख्खनी :
स्टॉकहोमकर यांच्या प्रतिसादात एक भर. घोडेस्वारी हा ऑलिंपिकमधील असा खेळ आहे की ज्यात स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच पदकासाठी उतरतात. उड्यांच्या स्पर्धेत स्त्रियांना १९५६ मध्ये प्रवेश मिळाला आणि ड्रेसाज, मोकळ्या मैदानातली दौड आणि उड्या असे तिन्ही मिळून होणाऱ्या इव्हेंटिंगमध्ये १९६४ मध्ये. तरीही चित्र समान नाही. ड्रेसाजमध्ये जर्मनीच्या इझाबेल वेर्थ यांच्यासारख्या स्त्रियांनी पदकांची रास रचली. इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण एका स्त्रीला, यूलिया क्रायेव्हस्की यांना, थेट टोकियोत मिळाले. उड्यांचे वैयक्तिक सुवर्ण तर पॅरिस ऑलिंपिकपर्यंत एकाही स्त्रीला मिळालेले नाही. खालच्या पायरीवर बहुसंख्य मुली आणि वरच्या पायरीवर पुरुष, ही उतरंड युरोपातही आहे. उड्यांचे उत्तम घोडे फार महाग असतात आणि ते कोणाला द्यायचे हे मालक ठरवतात. त्यामुळे या फरकाचे कारण स्वाराच्या शरीरात शोधण्यापेक्षा मालकांच्या निर्णयांत शोधावे, असे मला वाटते.

आपल्याकडची बाजू मात्र आशादायक आहे. हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत २०२३ मध्ये भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीतले त्याआधीचे सुवर्ण १९८२ चे, दिल्लीचे. हांगचौच्या संघात सुदीप्ति हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला असे चौघे होते, म्हणजे दोन स्त्रिया आणि दोन पुरुष. १९८२ च्या सुवर्णांमागे लष्करी स्वार होते, २०२३ च्या सुवर्णामागे युरोपात राहून सराव करणारे नागरी तरुण. स्त्रियांचा प्रवेश आणि लष्कराची माघार या दोन गोष्टी आपल्याकडेही सोबतच आलेल्या दिसतात.

बखरकार :
युरोपात मुली घोड्याकडे उशिरा वळल्या, हे खरे. पण मराठी मुलखात कालक्रम उलटा आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई तांब्यांच्या घरातल्या, बिठूरला घोड्यावर वाढलेल्या. १८५८ मध्ये झाशीहून काल्पीकडे त्यांनी केलेली दौड सर्वांना ठाऊक आहे. तुलनेने कमी माहीत असलेला प्रसंग बायजाबाई शिंदे यांचा आहे. कागलच्या घाटग्यांची ही लेक ग्वाल्हेरची सत्ता गमावल्यावर १८३५ मध्ये फतेहगडला मुक्कामाला होती. तेथे फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी स्त्री त्यांना भेटली. इंग्रज बायका तेव्हा दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसत. बायजाबाईंच्या गोटातल्या स्त्रिया मात्र कासोटा घातलेल्या लुगड्यात दोन्हीकडे पाय टाकून मांड ठोकत, आणि त्यांना त्या इंग्रज बाईचे तसे वाकडे बसणे चमत्कारिक वाटले. त्यांनी तिला मराठी पोशाख घालून मराठी पद्धतीने घोड्यावर बसवले. ती पद्धत तिला इतकी भावली की स्त्रियांच्या बसण्याची रीत बदलल्याबद्दल तिने आपल्या पहिल्या एलिझाबेथ राणीलाच मूर्ख ठरवले.

एकाच बाजूला बसण्यात मूळ दोष असा की स्वाराचा एक पाय घोड्याला लागतच नाही. त्या बाजूचा इशारा काठीने द्यावा लागतो, आणि घोडा पडला तर झग्यात अडकलेली स्त्री त्याच्याखाली सापडते. ज्या समाजाने आपल्या बायकांना असे बसवले, त्यालाच नंतर बायकांना घोडा झेपत नाही असे वाटू लागले, यात नवल नाही. आमच्याकडे सरदार घराण्यांतली परंपरा संस्थानांबरोबर मागे पडली, आणि जो घोडा उरला तो पलटणीचा आणि शर्यतीचा. त्या दोन्ही ठिकाणी बाई नव्हती.

पारिजात :
बखरकार, ही उदाहरणे राजघराण्यांतली आहेत. सामान्य घरातल्या स्त्रीला घोडा कधीच मिळाला नाही, हेही नोंदवावे. सामान्य पुरुषालाही तो लग्नातल्या वरातीपुरताच मिळाला, आणि तेव्हाही लगाम दुसऱ्याच्याच हातात असतो. गुजरात-राजस्थानात दलित नवरदेवांना घोड्यावरून खाली उतरवल्याच्या बातम्या आजही येतात. घोडा कोणी वापरायचा, हा आपल्या देशात आधी प्रतिष्ठेचा प्रश्न आहे आणि त्यानंतर स्त्री-पुरुषाचा.

निरामय :
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. या धाग्यावर अद्याप कोणी उल्लेख केला नसला तरी माझ्याकडे आया दबक्या आवाजात विचारतात, म्हणून लिहिते. घोडेस्वारीने मुलीच्या गर्भाशयाला इजा होते, पुढे मूल होण्यात अडचण येते, ही समजूत निराधार आहे. योनिपटलाबद्दलची काळजी तर मुळातच चुकीच्या कल्पनेवर उभी आहे. ते पटल प्रत्येकीचे वेगळे असते आणि त्यावरून कोणाचेही कौमार्य सिद्ध होत नाही. पाळीच्या दिवसांत त्रास होत नसेल तर स्वारी करायला हरकत नाही. गर्भारपणात ती टाळावी असे आम्ही सांगतो, ते पडण्याच्या धोक्यामुळे. खरी काळजी डोक्याची घ्यावी. मापाचे, हनुवटीखाली पट्टा घट्ट बसणारे हेल्मेट आणि टाच असलेला बूट, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही, या दोन गोष्टींवर आईवडिलांनी अडून बसावे. हा नियम मुलग्यांनाही तितकाच लागू आहे.

लालमाती :
माझे घर माथेरानच्या घोडेवाल्यांचे. आमच्या गावात मोटारीला बंदी आहे, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसाने पायी जायचे, ई-रिक्षाने, मिनी ट्रेनने किंवा घोड्याने. कृष्णाकाठ यांनी घोडेवाल्या बायका का नाहीत असे विचारले आहे. पर्यटकाला घोड्यावर बसवले की घोडेवाल्याला त्याच्याबरोबर लाल मातीच्या चढउतारावर दिवसभर चालावे, कधी धावावे लागते. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी नाक्यावर एकमेकांत चढाओढ असते, शिवीगाळही होते. बायकांनी त्या गर्दीत उभे राहू नये असे आमच्याकडच्या पुरुषांना वाटते, आणि बायकांनाही ते नकोसे वाटते. माझ्या आईने नाक्यावर कधी घोडा चालवला नाही. पण घोड्याला पोटशूळ उठला की रात्रभर त्याला दोरीने धरून फिरवणारी तीच. घोडा लोळला तर आतडे पिळवटते अशी आमच्याकडची समजूत, म्हणून त्याला खाली बसू देत नाहीत. तिच्या या कामाला कोणी व्यवसाय म्हणत नाही, परवान्यावर नाव वडिलांचे.

माळरान :
लालमाती यांनी जे लिहिले, त्याचेच मोठे रूप धनगरांच्या वाड्यांमध्ये दिसते. पावसाळा संपला की मेंढपाळ कुटुंबे माणदेश, फलटण, बारामती या बाजूंनी कोकणाकडे किंवा इतर मुलखांत उतरतात. पुरुष मेंढरांबरोबर पुढे जातात आणि बिऱ्हाड तट्टांवर लादून बायका मागून निघतात. पहाटे पाल उतरवायचे, काठ्या, भांडी, पिठाची पोती दोन्ही बाजूंना समतोल बांधायची, वर कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि त्यांच्याजवळ चालता न येणारे मूल बसवायचे, हे सर्व बायकाच करतात. ओझे एका बाजूला कलले तर तट्टाची पाठ सोलवटते, म्हणून गाठ कशी मारायची हे मुलगी आईकडून शिकते. दख्खनच्या या भीमथडी तट्टाला आता अधिकृत जात म्हणून मान्यता मिळाली आहे, याचा मला फार आनंद आहे. त्या जातीचे जतन झाले त्यात या बायकांच्या कष्टांचा वाटा मोठा आहे.

म्हणून ‘महाराष्ट्रात घोड्याच्या कामात स्त्रिया नाहीत’ हे विधान मला मान्य नाही. स्त्रिया आहेत. त्या जिनावर बसलेल्या नाहीत, एवढेच.

तिसरी_घंटा :
शर्यतींबद्दल थोडे. जॉकीच्या कामात वजन कमी असणे हा मोठा गुण मानला जातो, त्यामुळे तर्काने पाहिले तर तेथे स्त्रिया भरपूर असायला हव्या होत्या. आपल्याकडे रूपा सिंह यांनी अनेक शर्यती जिंकून दाखवल्या, पण त्यांच्यामागून मोठी रांग आली नाही. इंग्लंडमध्येही स्त्रियांना अधिकृत शर्यतीत उतरण्याची परवानगी १९७२ मध्ये मिळाली, आणि तिथली ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची मोठी शर्यत जिंकणारी पहिली स्त्री, रेचल ब्लॅकमोर, २०२१ मध्ये आली. ऑस्ट्रेलियातली मेलबर्न कप ही शर्यत मिशेल पेन यांनी २०१५ मध्ये जिंकली. फ्रान्सने २०१७ पासून स्त्री-जॉकींना वजनात सवलत दिली, म्हणजे त्यांच्या घोड्याला कमी वजन वाहू दिले, तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला ती सवलत योग्य वाटते, पण एका वेगळ्या कारणासाठी. ट्रेनर चांगला घोडा स्त्रीला देत नाही, म्हणून ती जिंकत नाही, आणि ती जिंकत नाही म्हणून पुढचा घोडा मिळत नाही. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते.

अबोली :
सवलतीमुळे स्त्री जिंकली तर ‘वजनामुळे जिंकली’ असे म्हटले जाईल. त्यापेक्षा तबेल्यालगत स्त्रियांसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छ शौचालय बांधले तर अधिक उपयोग होईल. पहाटे सरावाला येणाऱ्या मुलीची पहिली अडचण तीच असते.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. माळरान आणि लालमाती यांचे प्रतिसाद वाचून मला प्रश्न अधिक नेमका करावासा वाटतो. घोड्याची देखभाल, ओझे आणि रात्रीची जाग स्त्रीच्या वाट्याला येते. परवाना, मानधन आणि पदक जेथे आहे तेथे पुरुष असतो. क्लबमधल्या मुलींना यांतले काहीच मिळणार नसेल, तर त्या दहावीला थांबतात यात आश्चर्य नाही. पुढे जाण्याची वाट कोणती आहे, हे कोणी सांगू शकेल का?

रिकीब :
वाट आहे, आणि ती रुंदावते आहे. पुण्याजवळ कासार आंबोलीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे, तेथे मुलींना घोडेस्वारी शिकवतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारी प्रशिक्षणाचा भाग आहे. तेथे मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि त्यातल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. हैदराबादच्या पोलीस अकादमीत आयपीएसच्या प्रशिक्षणार्थींना, स्त्री असो वा पुरुष, घोडा शिकावाच लागतो. परंतु शिकवणाऱ्यांमध्ये स्त्रिया आल्याशिवाय चित्र बदलणार नाही, हे माझे ठाम मत आहे. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी आता लहान मुलांच्या बॅचला शिकवते. तिच्या बॅचमधल्या मुली चौदा-पंधराव्या वर्षी सोडून जात नाहीत, कारण त्यांच्या आया तिच्याशी निःसंकोच बोलतात.

शेवंती :
मी बरीच उशिरा धाग्यावर आले आहे. माझे वय पंचेचाळीस, गुडघे ठीक आहेत, घोड्यावर कधी बसलेली नाही. आता सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल का?

रिकीब :
शेवंतीताई, अवश्य करा. क्लब निवडताना आधी नुसते पाहायला जा. घोड्यांच्या फासळ्या दिसत नाहीत ना, पाठीवर जिनाच्या जखमा नाहीत ना, पाणी स्वच्छ आहे ना, हे पाहा. पहिल्याच दिवशी घोडा पळवून दाखवणारा शिक्षक टाळा. जो आधी दोरावर फिरवेल, त्याच्याकडे नाव घाला. शांत, वयाने मोठी घोडी मागा आणि उतरण्याचा सराव चढण्याच्या आधी करून घ्या. पहिला आठवडा मांड्या दुखतील, त्याला घाबरू नका.

निरामय :
आणि त्याआधी हाडांची घनता एकदा तपासून घ्या, शेवंती. या वयात पडल्यावर मनगट मोडण्याची शक्यता अधिक असते.